बावीस टक्के चरबी

४ नोव्हेंबर, संध्याकाळ

आज मी घरातल्या सगळ्यांसमोर माझं लिव्हर दिलं. म्हणजे अजून दिलेलं नाही. देतो म्हणालो. पण माझ्यासारख्या माणसाच्या बाबतीत या दोन्हींत फारसा फरक नसतो. म्हणून ही वही. असे दिवस लिहून ठेवायला हवेत.

झालं असं. धाकट्या भावाच्या घरी सगळे जमलो होतो. भाऊ पोहायला शिकवतो. दारूचा थेंब नाही, सिगारेट नाही, आणि लिव्हर त्याचं गेलं. डॉक्टर म्हणतात, शरीरच कधीकधी आपल्या लिव्हरवर उलटतं. औषधांचं काम संपलं. आता रक्ताच्या नात्यातल्या कोणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा. देणाऱ्याचं दोन-तीन महिन्यांत परत वाढतं म्हणे. आम्हा तिघा भावंडांचा रक्तगट एकच. बहीण काहीतरी बोलायला लागली. तिला आम्ही चिमणी म्हणतो. सत्तेचाळीस किलो वजन, पोस्टात आहे, दिवसभर सायकलवरून टपाल वाटते. मी हात वर केला. म्हणालो, "तू गप्प बस. थोरला मी आहे. मी देतो."

भावजय माझा हात दोन्ही हातांत धरून रडली. भाऊ भिंतीकडे बघत बसला. मला एकदम दोन इंच उंच झाल्यासारखं वाटलं. घसा कोरडा पडला म्हणून पाणी मागून घेतलं.

येताना बायको रस्ताभर काही बोलली नाही. अभिमानाने असेल.

७ नोव्हेंबर

तपासण्या झाल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, "बावीस टक्के." मी विचारलं, कशात? तर लिव्हरमध्ये चरबी. दहाच्या खाली आल्याशिवाय ते सुरी हातात घेणार नाहीत. चरबी भरलेला तुकडा भावाच्या पोटात रुजणार नाही आणि मागे उरलेला मला पुरणार नाही. भावाकडे आठ-नऊ आठवडे आहेत. तीस डिसेंबरला माझा पुन्हा स्कॅन.

वजन चौऱ्याण्णव. हॉस्पिटलचा काटा जुना वाटला.

मग आहारवाल्या बाईंकडे पाठवलं. वयाने कारखान्यातल्या माझ्या बॉयलरपेक्षा लहान. तीन वेळा मोजून खा, गोड बंद, रोज तासभर भरभर चाला, उपास मात्र करू नका, असं एका कागदावर लिहून दिलं. कागद नीट घडी घालून खिशात ठेवला. चांगल्या आहेत बिचाऱ्या. पण पुस्तकी.

८ नोव्हेंबर

विषय समजून घेतला. अठ्ठावीस वर्षं मी बॉयलर चालवतोय. हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल आमच्याकडे धुवायला येतात, त्या सगळ्यांची वाफ माझ्या हातात. इंधन कसं जळतं हे मला कोणी शिकवू नये.

शरीराचं असं आहे. खाल्लेल्याची साखर होते. ती थोडीशी लिव्हरमध्ये साठवलेली असते, साधारण एक दिवसाची. ती संपली की शरीर चरबीला हात घालतं. म्हणजे एक दिवस काढला की पुढे सगळी चरबीच. मग रोज तीन वेळा खाऊन तो पहिला दिवस परतपरत का आणायचा? बाईंना हा प्रश्न पडलाच नसावा.

प्लॅन: तीन दिवस पूर्ण उपास, एक दिवस साधं जेवण, पुन्हा तीन दिवस. फक्त पाणी आणि काळी कॉफी. तीस डिसेंबरपर्यंत चरबी पाच टक्के. डॉक्टरांचं तोंड बघण्यासारखं होईल.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आणि बाईंनी लिहून दिलंय ते?" मी म्हटलं, ते सामान्य माणसांसाठी.

९ नोव्हेंबर

सकाळी ७. उपास सुरू. मन शांत.

सकाळी ९.३०. भूक हा फक्त सवयीचा भाग आहे.

११.१५. इस्त्री विभागात कोणीतरी अंडं तळतंय. इस्त्री विभागात अंडं तळायला परवानगी आहे का, मॅनेजरला विचारायला हवं.

दुपारी १.१०. डोकं दुखतंय. साखर संपत आली असणार. शुभ लक्षण.

२.४०. माझ्यानंतरच्या पाळीचा बॉयलरवाला आला. दिवसाला पाच-सहा शब्द बोलतो म्हणून त्याला सगळे मुनी म्हणतात. माझ्याकडे बघून म्हणाला, "पांढरा पडलास." आजचे दोन खर्च केले त्याने माझ्यावर. चेहऱ्यावर तेज आलं असेल, त्याला ते पांढरं दिसलं.

संध्याकाळी ६. एक बिस्कीट. ते औषधासारखं घेतलं, त्यामुळे मोजत नाही. बाकीची सात मात्र मोजायला लागतील.

१० नोव्हेंबर

कालचा दिवस तालमीचा धरला. खरा उपास आजपासून.

१३ नोव्हेंबर

झालं! तीन दिवस! (दुसऱ्या दिवशीचं सूप पातळ होतं, ते पाण्यातच जमा.) वजन ब्याण्णव. तीन दिवसांत दोन किलो! भावजयीला लगेच फोन केला. ती म्हणाली, "दादा, तुमच्यामुळे रात्री झोप लागते हो." फोन ठेवल्यावर दहा मिनिटं खुर्चीत नुसता बसून राहिलो. आपल्यामुळे कोणाला तरी झोप लागते, ही साधी गोष्ट नाही.

आज जेवणाचा दिवस. साधंच जेवलो. भात, मग थोडा भात.

१४ नोव्हेंबर

वजन चौऱ्याण्णव. काटा घरातला आहे तरी जुनाच.

१६ नोव्हेंबर

आहारवाल्या बाईंचा फोन. किती कमी झालं? मी म्हटलं दोन. उपास करताय का? मी म्हटलं, अधूनमधून भूक नसते. त्यांना कळलं. म्हणाल्या, "काका, पहिले दोन किलो बहुतेक पाणी असतं. साठवलेली साखर स्वतःबरोबर पाणी धरून ठेवते. साखर गेली की पाणी जातं, जेवलात की दोन्ही परत." मग म्हणाल्या, "तुम्ही चालताय ना?" मी म्हटलं हो. फोनवर बोलताना मी दारापासून खिडकीपर्यंत चालतच होतो, त्यामुळे खोटं नव्हतं.

भावजय रोज सकाळी मेसेज पाठवते. "दादा, आज किती?" आज लिहिलं, ९१. पुढच्या आठवड्यात होणारच आहे.

२० नोव्हेंबर

उपासाचा तिसरा दिवस, आणि हा खरा. सूप नाही, काही नाही. तोंडाला विचित्र गोडूस वास येतोय, पिकून गळलेल्या फळासारखा. वाचलं तर चरबी जळताना लिव्हर एक वेगळं इंधन तयार करतं, मेंदूसुद्धा त्यावर चालतो, त्याचा हा वास. म्हणजे माझी भट्टी आता चरबीवर आली! आनंदाने बायकोच्या तोंडासमोर श्वास सोडला. ती म्हणाली, "दात घासा."

२२ नोव्हेंबर

थंडी वाजते. अख्ख्या कारखान्यातली सगळ्यात गरम खोली माझी, आणि मी तिथे स्वेटर घालून बसतो. मुनीने स्वेटरकडे बघितलं, मग थर्मामीटरकडे बघितलं.

याचंही कारण सापडलं. खाल्लेलं पचवताना अंग उष्णता टाकतं, ती बंद झाली. शिवाय पुरवठा थांबलाय हे ओळखून शरीर आपली ज्योत बारीक करतं. एरवी बसल्या जागी माणूस शंभर वॅटच्या बल्बइतकी उष्णता टाकतो. माझा सध्या जिन्यावरचा बल्ब झालाय.

पण ज्योत बारीक म्हणजे चरबी कमी जळणार. हे चालणार नाही. उपाय: कुडकुडणे. कुडकुडताना स्नायू झपाट्याने इंधन जाळतात. उद्यापासून गार पाण्याने अंघोळ आणि नंतर पंख्याखाली अर्धा तास.

२३ नोव्हेंबर

गार पाण्याची अंघोळ. ओरडलो ते वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. पंख्याखाली अर्धा तास ठरला होता, चार मिनिटं झाली. बायकोने पंखा बंद केला आणि रेग्युलेटरचं बटणच काढून नेलं.

२४ नोव्हेंबर

सर्दी. सर्दीत उपास करू नये असं म्हणतात. ब्रेड, लोणी, जॅम.

२८ नोव्हेंबर

आज भावाला बघायला गेलो. तीन आठवड्यांत गेलो नव्हतो. वेळ नव्हता.

डोळे पिवळे. हात काडीसारखे, पोट पाण्याने टम्म. ज्या माणसाने शेकडो पोरांना पाण्यावर तरंगायला शिकवलं, त्याला खुर्चीतून उठायला दोघे लागले. मला बघून हसला. म्हणाला, "दादा, बारीक झालास." मी झालो नव्हतो. स्वेटर काढला होता, एवढंच.

मग म्हणाला, "नको वाटलं तर सांग हं. मी काही मनात धरणार नाही." मी म्हटलं, वेडा आहेस का. तीस तारीख येऊ दे. त्याने डोळे मिटले. त्याचा हात माझ्या हातात होता आणि तो माझ्याहून गरम होता. ताप होता त्याला.

चिमणी तिथेच होती. रोज ड्युटी संपली की थेट येते म्हणे. तिने विचारलं, "दादा, खरं वजन किती आहे रे?" मी म्हटलं, एकोणनव्वद. तिने माझ्या पोटाकडे एकदा बघितलं. मग, "बरं," म्हणाली आणि भावाचे पाय चेपायला बसली.

उद्यापासून अजिबात हयगय नाही. पाच दिवस सलग. आता चेष्टा नाही.

१ डिसेंबर

तिसरा दिवस चालू आहे. भावाचे डोळे आठवले की भूक मरते. हे आधीच सुचायला हवं होतं.

२ डिसेंबर

चौथा दिवस. जिना चढताना मध्ये थांबलो. पाय माझे नाहीत असं वाटतं. वजन नव्वद पॉइंट पाच. हे खरं आहे, दोनदा बघितलं. भावजयीला मात्र काय कळवू? तिला आधीच अठ्ठ्याऐंशी सांगून बसलोय. सत्त्याऐंशी लिहिलं.

३ डिसेंबर

हॉस्पिटलातून संमतीचा फॉर्म आलाय, आधी वाचून ठेवा म्हणून. अकरा पानं. पहिली तीन पानं ठीक. चौथ्या पानावर देणाऱ्याला असलेले धोके. नीट वाचलं. पुन्हा वाचलं. मग फॉर्म कपाटात, चादरींच्या खाली ठेवला.

कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो होतो. उपासाने शरीराची उष्णता किती उतरली ते मोजण्यासाठी मध्येच खाऊन बघणं शास्त्रीयदृष्ट्या आवश्यक होतं. चार क्रीम रोल. विसाव्या मिनिटाला कान गरम झाले, हातात ऊब आली. निष्कर्ष: अन्नाने उष्णता येते. बेकरीवाला म्हणाला, "काका, बरे आहात ना? डोळ्यांत पाणी आहे तुमच्या." मी म्हटलं, भट्टीची धग.

४ डिसेंबर

त्या पानाचा आणि क्रीम रोलचा काही संबंध नाही. हे लिहून ठेवतो.

९ डिसेंबर

हे लिहायचं नव्हतं.

पुन्हा तीन दिवस पोटात काही नव्हतं. सकाळी साडेदहाला बॉयलरसमोर स्टुलावर बसलो होतो. काचेच्या नळीत पाण्याची पातळी दिसते, ती दर थोड्या वेळाने बघायची, एवढंच तर माझं खरं काम. पाणी फार खाली गेलं तर रिकामं लोखंड तापतं, आणि मग काय होतं ते आमच्या धंद्यात कोणी मोठ्याने बोलत नाही. मी नळीकडे बघत होतो असं मला वाटत होतं. पाणी कमी झाल्याचा भोंगा वाजला तो ऐकला, पण दुसऱ्या कोणाच्या तरी घरी वाजतोय असं वाटलं.

मुनी आज सुट्टीचा अर्ज द्यायला सकाळीच आला होता. तो धावत आला, बर्नर बंद केला, मला काखेत धरून बाहेर ओढलं. गार फरशीवर पडल्यापडल्या मी त्याला म्हटलं, "माझं लक्ष होतं." तो म्हणाला, "डोळे मिटलेले होते तुझे. भिंतीपलीकडे सोळा बायका इस्त्री करतायत, माहितीये ना?" अठ्ठावीस वर्षांत त्याच्या तोंडून एका वेळी एवढे शब्द ऐकले नव्हते.

मॅनेजरने बॉयलरवरून काढलं. उद्यापासून घडी विभागात. टॉवेल.

१० डिसेंबर

टॉवेलची घडी तीन पदरी असते. मला दोन पदरी येते. घडीवाल्या बाई म्हणाल्या, "राहू द्या दादा, तुम्ही मोजा नुसते." मोजण्यात चूक झाली.

दुपारपाळीला मुनी आहे, सकाळी कोणीतरी नवा. माझ्या बॉयलरचा आवाज भिंतीतून ऐकू येतो. मी नसताना जरा बरा चालतोय असं वाटलं. भास असेल.

१२ डिसेंबर

बायको मला न विचारता आहारवाल्या बाईंकडे घेऊन गेली. बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. कागदावर माणसाचं पोट काढून मला समजावलं. उपासात पोटावरची चरबी सुटते ती रक्तातून आधी लिव्हरकडेच जाते, तिचं इंधन तिथे बनतं. एकदम फार आली की लिव्हरला ती उरकत नाही, तिथेच साठते. शिवाय शरीर स्नायूही मोडून खातं, त्यांचीच साखर करून मेंदूला देतं. आणि मध्येच क्रीम रोल आला की त्याची नवी चरबी. बायकोला क्रीम रोलचं कसं कळलं? बेकरीवाला.

मी विचारलं, म्हणजे पाच आठवडे मी लिव्हरमध्ये चरबी भरत होतो? त्या म्हणाल्या, "अजून अठरा दिवस आहेत, काका. आजपासून कागदाप्रमाणे करू या का?" करू या म्हणाल्या. करा म्हणाल्या नाहीत. घरी येऊन खूप वेळ अंगावर पांघरूण घेऊन पडलो.

१३ डिसेंबर

कागदाप्रमाणे. सकाळी एक अंडं, पाव, फळ. तासभर चाललो. खरंच तासभर. सोपं आहे. इतकं सोपं होतं हे.

१४ डिसेंबर

कागदाप्रमाणे. हाताला ऊब आली.

१७ डिसेंबर

कागदाप्रमाणे. पण हिशेब केला. उरलेल्या तेरा दिवसांत हे पुरणार नाही. भाऊ काल स्वतःच्या बायकोला ओळखेना. तिला म्हणाला, "बाई, पूल बंद झाला, उद्या या." भावजय फोनवर हे सांगताना हसत होती, आणि मग हसत नव्हती. शेवटी म्हणाली, "दादा, तुम्ही आता पंचाऐंशी ना? मग तारीख अलीकडे घ्यायला सांगू का डॉक्टरांना?"

मी म्हटलं, घाई नको. तीस ठरलीय, तीसच.

खरं वजन एक्क्याण्णव.

१८ डिसेंबर

मी खोटं बोललो नसतो तर त्यांनी दुसरं कोणीतरी शोधलं असतं. हे वाक्य लिहायला मला सगळी सकाळ लागली.

आज काही खाल्लं नाही. प्लॅन म्हणून नाही. घशाखाली उतरेना.

१९ डिसेंबर

निर्णय: उरलेले अकरा दिवस पूर्ण उपास. बाई काहीही म्हणोत. माणूस निर्धाराने काहीही करू शकतो.

१९ डिसेंबर, संध्याकाळी ५

बायकोने भाताचं ताट समोर ठेवलं आणि समोरच बसली. म्हणाली, "तुम्हाला काही झालं तर मी तिकडे भाऊजींना आणि इकडे तुम्हाला कशी सांभाळू? जेवा." ती ओरडत नव्हती. लग्नाला तीस वर्षं झाली, तिला इतकं घाबरलेलं पहिल्यांदा बघितलं. जेवलो.

२५ डिसेंबर

कागदाप्रमाणे. चालणं. टॉवेल. तीन पदरी जमायला लागलं.

२९ डिसेंबर

उद्या. मला आतून वाटतंय की आकडा नऊ येईल. शरीर कधीकधी शेवटच्या टप्प्यात एकदम झेप घेतं. याला शास्त्रात नाव असणार.

३० डिसेंबर

चोवीस.

मोठे डॉक्टर म्हणाले, वजन साडेचार किलो उतरलंय, पण लिव्हरवरची चरबी कमी नाही, उलट थोडी वाढलीच आहे. तुम्ही चालणार नाही. मी म्हटलं, अजून दोन आठवडे द्या. ते म्हणाले, "तुमच्या भावाकडे नाहीत."

बाहेर भावजय बाकावर बसली होती. तिला मी आकडा सांगितला, मग खरं वजन सांगितलं, मग मेसेजमधली सगळी वजनं खोटी होती ते सांगितलं. तिने पर्समधून रुमाल काढला, त्याची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. तिने मला दोन लावून दिल्या असत्या तर मी उभा राहिलो असतो.

घरी आलो. जेवलो. आणि झोप लागली. आठ आठवड्यांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

३१ डिसेंबर

झोप का लागली ते उठल्यावर कळलं. भाऊ मरायला टेकलाय, आणि माझ्या मनात सगळ्यात आधी आलं काय, तर आता ते माझं पोट कापणार नाहीत.

हे कोणाला सांगता येणार नाही. म्हणून इथे.

१ जानेवारी

कुठलाही संकल्प नाही.

दुपारी चिमणीचा फोन. "दादा, पाच तारखेला ऑपरेशन आहे. भावाचं आणि माझं. तू हॉस्पिटलात ये, पण डबा घेऊन ये, तिथलं जेवण बेचव असतं." मला काही समजेना. मी म्हटलं, तुझ्या तपासण्या? एवढ्या चार दिवसांत? ती म्हणाली, "झाल्या रे सगळ्या. नोव्हेंबरातच." लिव्हर लहान आहे, पण भाऊ इतका वाळलाय की त्याला पुरेल. दात्यांना मंजुरी देणाऱ्या समितीची परवानगी तेवढी परवा आली.

मी फोन ठेवला आणि डबा शोधायला लागलो.

५ जानेवारी

सकाळी साडेसहाला दोघांना आत नेलं. चिमणी ट्रॉलीवर एवढीशी दिसत होती, चादरीखाली कोणी आहे की नाही कळेना. मी तिला म्हटलं, "घाबरू नकोस." ती म्हणाली, "घाबरलेय तर. खूप." एवढं सहज. मग आत नेलं.

बाहेर अकरा तास. भावजय एका टोकाला, मी दुसऱ्या. चौथ्या तासाला तिने माझ्याकडे न बघता अर्धं सँडविच पुढे केलं. मी घेतलं.

संध्याकाळी साडेपाचला मोठे डॉक्टर टोपी काढत आले. दोघे ठीक. नवा तुकडा रंग धरतोय म्हणाले. मी बाकावर बसलो. बायकोने खांद्यावर हात ठेवला आणि तिथेच ठेवून दिला.

९ जानेवारी

चिमणीला आज वॉर्डात आणलं. सूप भरवायची परवानगी मिळाली. भरवणारा मी. चमचा पुढे करत म्हणालो, तू नोव्हेंबरातच तपासण्या का केल्यास? मी देतो म्हणालो होतो ना.

ती म्हणाली, "म्हणालास ना. आणि लगेच पाणी मागितलंस. ग्लास धरलेला तुझा हात इतका थरथरत होता की अर्धं पाणी शर्टावर सांडलं. मी दुसऱ्याच दिवशी तारीख घेतली. डॉक्टर म्हणाले, दोघांपैकी ज्याचं आधी जमेल त्याचं घेऊ."

मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाहीस? इतके उपास केले मी.

"तुला बरं वाटत होतं, दादा. आणि वाटलं, जमलंच तर जमलं." मग म्हणाली, "सूप गार होतंय."

शर्टावर पाणी सांडलं होतं? मला आठवत नाही. नसेल सांडलं. सांडलं असेल.

१७ जानेवारी

भावाला आयसीयूतून बाहेर आणलं. डोळ्यांचा पिवळेपणा उतरतोय. आवाज खोल गेलाय, पण त्याचाच आहे. मला जवळ बोलावलं. म्हणाला, "दादा, ऐकलं मी. तू माझ्यासाठी दोन महिने उपाशी राहिलास."

कोणी सांगितलं त्याला? भावजयीने असेल. कसं सांगितलं, कोण जाणे. तिने मला वाचवायचं ठरवलं असावं.

मी हो म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. आणि म्हणालो, "नाही रे. मध्येमध्ये खात होतो."

"काय?"

"क्रीम रोल."

तो हसायला लागला. आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी, एक हात पोटावर दाबलेला. मॉनिटर टुणटुण वाजायला लागला. नर्स धावत आली, टाके तुटतील म्हणून मला दंडाला धरून बाहेर काढलं. दाराबाहेर सगळ्यांसमोर म्हणाली, "काका, पेशंटला त्रास होईल असं वागायचं असेल तर येत जाऊ नका."

बाहेरच्या बाकावर बसलो. समोर कॅन्टीन उघडं होतं आणि भूक लागली होती. गेलो नाही. यात निर्धार वगैरे काही नव्हता. गर्दीची वेळ होती, उठलो असतो तर बाकावरची जागा गेली असती.